लिप बामच्या डबीतलं मेण येतं कुठून?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा ज्यांचा डेटा आज संपलाय, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. नेहमीसारखंच, बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी सगळं जवळपास तसंच ठेवलंय.

आज सुरुवातीला एक छोटं काम करा. बॅगेत, खिशात, ड्रॉवरमध्ये लिप बाम असेल तर बाहेर काढा. लिपस्टिक चालेल. मुलांनो, तुमचं दाढीचं बाम किंवा केसांचं वॅक्सही चालेल. आता डबी उलटी करा. मागे अगदी मुंगीच्या अक्षरात घटकांची यादी असते. मोबाईलचा कॅमेरा झूम करून वाचा. त्यात 'कॅन्डेलिला', 'कार्नौबा', 'होहोबा', 'राईस ब्रॅन' यांपैकी एखादं नाव सापडायची बरीच शक्यता आहे. ही सगळी झाडाझुडपांपासून मिळणारी मेणं आहेत.

माझ्या लिप बामवर पुढच्या बाजूला हिरव्या पानाचं चित्र होतं आणि लिहिलं होतं, 'शंभर टक्के प्लांट-बेस्ड'. ते वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? कुठल्या प्राण्याला त्रास नाही, पेट्रोलियम नाही, आपण चांगलं काहीतरी घेतलं. मग एका रात्री झोप येत नव्हती म्हणून मी त्या यादीतलं एकेक नाव शोधत बसलो. पहाटेपर्यंत मी मेक्सिकोच्या सीमेवर, ब्राझीलच्या कोरड्या रानात आणि एका मेलेल्या देवमाशाच्या डोक्यात जाऊन आलो होतो. आजचा भाग त्या प्रवासाचा आहे.

अळवाचं पान आठवा

आधी एक साधा प्रश्न. झाडात मेण असतं कशाला?

'अळवावरचं पाणी' हा वाक्प्रचार आपण सगळ्यांनी ऐकलाय. अळवाच्या पानावर पाणी टाकलं की त्याचे मोत्यासारखे थेंब होतात आणि घरंगळून जातात. पान ओलं होतच नाही. ही करामत पानाच्या पृष्ठभागाच्या बारीक रचनेची आणि तिच्यावरच्या मेणाच्या थराची. द्राक्षाच्या घडावर पांढुरकी भुकटी दिसते ना, जिला पुष्कळ जण औषधाची फवारणी समजून चोळून धुतात? त्यात द्राक्षाचं स्वतःचं मेणही असतं. उसाच्या पेरावर बोट फिरवलं की जी पांढरी पावडर लागते, तेही मेणच.

जमिनीवरच्या जवळजवळ प्रत्येक झाडाच्या पानावर मेणाचा थर असतो, कारण झाडाला आतलं पाणी आत ठेवायचं असतं. आता विचार करा, जिथे पाऊस भरपूर तिथे थोडं मेण पुरतं. पण जिथे महिनोन् महिने पाऊस नाही आणि वर ऊन मी म्हणतंय, तिथल्या झाडाला जाड थर लागतो. म्हणून जगातली उत्तम वनस्पतिजन्य मेणं बहुतेक दुष्काळी भागांतून येतात. आणि दुष्काळी भागात झाडासोबत आणखी कोण राहतं? ज्यांच्याकडे दुसरं फारसं काही पिकत नाही अशी माणसं. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

आपल्या त्वचेला मेण का लागतं, याचंही उत्तर तेच आहे. मेण पाणी धरून ठेवतं. ओठ फाटतात ते आतलं पाणी उडून गेल्यामुळे, आणि मेणाचा पातळ थर ते उडणं कमी करतो. वाळवंटातलं झाड स्वतःसाठी जे करतं, तेच आपण त्याच्याकडून उसनं घेऊन ओठांवर लावतो.

कुंकवाखालचं मेण आणि देवमाशाचं डोकं

वनस्पतींच्या आधी सौंदर्यप्रसाधनांमधलं मेण मुख्यतः मधमाशीचं होतं. माझ्या आजीची फणेरपेटी होती. झाकणाच्या आत आरसा, एका खणात फणी, एकात कुंकवाचा करंडा आणि शेजारी मेणाची छोटीशी डबी. सकाळी वेणीफणी झाली की ती बोटावर इवलंसं मेण घ्यायची, कपाळावर गोल लावायची आणि त्यावर कोरडं कुंकू टेकवायची. मेण नसेल तर घामाने कुंकू ओघळणार. महाराष्ट्रातल्या घरोघरच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या हे केलंय. टिकल्यांची पाकिटं आली आणि मेणाची डबी हळूहळू गेली. पण आजच्या भाषेत बोलायचं तर आजी 'प्रायमर' लावत होती! रंग धरून ठेवायला मेण, हे तत्त्व तेच. लिपस्टिकमध्येही मेण तेच काम करतं.

युरोपात कोल्ड क्रीमचा शोध दुसऱ्या शतकातल्या गेलन या वैद्याच्या नावावर सांगतात. मधमाशीचं मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी, एवढंच. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कोल्ड क्रीममध्ये आणखी एक मेण आलं, पांढरंशुभ्र आणि बिनवासाचं. त्याचं नाव स्पर्मासेटी. हे यायचं स्पर्म व्हेल या प्रचंड देवमाशाच्या डोक्यातून. त्याच्या डोक्यात तेल आणि मेणाने भरलेला मोठा अवयव असतो. खलाशांना आधी वाटलं की हे त्याचं वीर्य आहे, म्हणून ते विचित्र नाव पडलं आणि तसंच चिकटलं. या मेणाच्या मेणबत्त्या इतक्या स्वच्छ जळायच्या की प्रकाश मोजायचं 'कँडलपॉवर' हे जुनं एकक स्पर्मासेटीच्या मेणबत्तीवरून ठरवलं गेलं.

विसाव्या शतकातही हे थांबलं नाही. या देवमाशाचं तेल यंत्रांच्या वंगणात लागायचं, गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये लागायचं, आणि क्रीम-लिपस्टिकमध्येही जायचं. शेवटी १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला नष्ट होत चाललेल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं आणि त्याच्या तेलाची आयात बंद झाली. कारखानदारांची पंचाईत झाली, कारण तसं दुसरं तेल कुठे मिळतच नव्हतं. म्हणजे, तसं वाटत होतं.

होहोबा: उच्चार चुकीचा, नाव चुकीचं, काम अचूक

आपल्याकडच्या दुकानात 'जोजोबा ऑईल' मागितलं तरी मिळतं. पण शब्द स्पॅनिशमधून आलाय आणि उच्चार आहे 'होहोबा'. अमेरिकेचा नैऋत्य कोपरा आणि मेक्सिको यांच्यामध्ये सोनोरा वाळवंट पसरलंय, तिथलं हे झुडूप. तिथले मूळ रहिवासी याच्या बियांचं तेल केसांना आणि जखमांना लावत आले होते.

याचं शास्त्रीय नाव सिमंडसिया चायनेन्सिस. चायनेन्सिस म्हणजे चीनचं. आता हे झुडूप चीनचं मुळीच नाही! झालं असं की नमुन्याच्या चिठ्ठीवर कॅलिफोर्नियाचं संक्षिप्त रूप लिहिलं होतं आणि नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाने ते 'चायना' असं वाचलं. वनस्पतिशास्त्रात आधी दिलेलं नाव सहसा बदलत नाहीत, त्यामुळे ती चूक आजही तशीच आहे.

१९३३ मध्ये अॅरिझोनातल्या संशोधकांच्या लक्षात आलं की होहोबाचं तेल हे तेलच नाही. रसायनशास्त्राच्या हिशेबाने ते द्रवरूप मेण आहे. आपलं शेंगदाण्याचं, खोबऱ्याचं तेल वेगळ्या घडणीचं, आणि हे वेगळं. याची घडण मिळतीजुळती होती ती स्पर्म व्हेलच्या तेलाशी. पण देवमासे मुबलक मारले जात होते, तोवर या शोधाची कुणाला निकड नव्हती. आयातबंदी आल्यावर सगळ्यांना होहोबा आठवलं. १९७२ मध्ये अॅरिझोनातल्या टूसॉन शहरात होहोबावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच सुमाराला सॅन कार्लोस अपाची या आदिवासी जमातीच्या लोकांनी रानातून बिया गोळा करायला सुरुवात केली. कल्पना अशी होती की देवमासाही वाचेल आणि वाळवंटातल्या गरिबांना रोजगारही मिळेल.

त्यातला पहिला भाग बऱ्यापैकी साधला. दुसऱ्याचं काय झालं? होहोबाची हवा झाली. १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि ८० च्या दशकात शहरातल्या गुंतवणूकदारांनी वाळवंटात हजारो एकर लागवड केली. आपल्याकडे मधूनच कुणीतरी सांगतं ना, 'अमुक झाड लावा, पाच वर्षांत लखपती'? हुबेहूब तसंच. पण होहोबात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बी फक्त मादीला धरतं, आणि कुठलं रोप काय आहे हे फुलं येईपर्यंत, म्हणजे काही वर्षं, कळतच नाही. बियांपासून लागवड केलेल्या शेतात निम्मी झाडं नर निघाली. कित्येक प्रकल्प बुडाले. टिकले त्यांनी मादी झाडांच्या फांद्यांपासून रोपं केली. आज होहोबा अर्जेंटिनात, इस्राएलमध्ये आणि आपल्या राजस्थानातही पिकतं, आणि त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आहे सौंदर्यप्रसाधनांचा धंदा. याचं एक कारण म्हणजे आपल्या त्वचेतून जो तेलकटपणा स्रवतो, त्याचा साधारण चौथा हिस्सा याच जातीच्या मेणाचा असतो. त्यामुळे होहोबा त्वचेवर परकं वाटत नाही.

मला ही गोष्ट फार आवडली. झाडाच्या मेणाने देवमाशाच्या मेणाची जागा घेतली. 'प्लांट-बेस्ड' या शब्दावर माझा विश्वास आणखी पक्का झाला. मग यादीतलं पुढचं नाव आलं, आणि त्यासाठी मला आणखी साठेक वर्षं मागे जावं लागलं.

कॅन्डेलिला: छोटी मेणबत्ती

मधमाशीचं मेण नको असलेल्या, म्हणजे व्हीगन, लिप बाममध्ये सर्रास वापरलं जाणारं मेण म्हणजे कॅन्डेलिला. हे मधमाशीच्या मेणापेक्षा कडक, म्हणून कमी लागतं. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ छोटी मेणबत्ती. उत्तर मेक्सिकोतलं चिवावा वाळवंट आणि सीमेपलीकडचा टेक्सासचा टोकाचा भाग, इथे हे वाढतं. बिनपानांच्या, पेन्सिलीएवढ्या जाड, राखाडी-हिरव्या काड्यांचा झुबका. आपल्या शेराची आठवण व्हावी असा, आणि आहेही त्याच कुळातला.

लेबलवर याचं नाव येतं 'युफोर्बिया सेरिफेरा', म्हणजे मेण देणारी. वनस्पतिशास्त्रातलं मान्य नाव मात्र 'युफोर्बिया अँटिसिफिलिटिका', कारण एकेकाळी सिफिलिस या गुप्तरोगावर त्याचा चीक वापरत. ओठांना लावायच्या वस्तूवर हे नाव कोण छापेल, सांगा!

आता मेण काढतात कसं ते ऐका. हे काम करणाऱ्याला म्हणतात कॅन्डेलिलेरो. तो गाढवं घेऊन डोंगरात जातो, झुडपं मुळासकट उपटतो, मोळ्या बांधून गाढवांवर लादतो आणि पाणवठ्याजवळच्या तळावर आणतो. तिथे जमिनीत अर्धवट पुरलेली लोखंडी कढई असते. त्यात पाणी उकळायचं, काड्या दाबून भरायच्या, आणि मग त्यात सल्फ्युरिक अॅसिड ओतायचं. मेण सुटतं आणि फेसासारखं वर येतं. तो फेस झाऱ्याने काढायचा, थंड करायचा, त्याची ढेपळं करायची. चुलीला जळण कुठलं? आधी उकळून वाळवलेल्या काड्यांचंच. काहीच वाया जात नाही, पण शंभर किलो काड्यांमागे हाती मेण येतं जेमतेम दोन-तीन किलो. आणि हे सगळं करताना अॅसिडची वाफ नाकात, डोळ्यांत, हातांवर.

ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजली. टेक्सासमध्ये ग्लेन स्प्रिंग्स नावाच्या ठिकाणी १९१४ च्या सुमाराला मेणाचा कारखाना उभा राहिला आणि कामाला मेक्सिकन मजूर आले. तिकडे मेक्सिकोत क्रांती पेटलेली होती. ५ मे १९१६ च्या रात्री सीमेपलीकडून आलेल्या टोळीने ग्लेन स्प्रिंग्सवर हल्ला केला. अमेरिकन घोडदळाचे तीन सैनिक आणि एक लहान मुलगा मारला गेला. आज तो सगळा भाग बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात आहे.

पुढे दुसऱ्या महायुद्धात तंबू आणि कापड जलरोधक करायला मेण हवं होतं, मागणी वाढली. मेक्सिकोत या मेणाची खरेदी सरकारने स्वतःच्या हातात घेतली होती. कॅन्डेलिलेरोने मेण ठरलेल्या सरकारी यंत्रणेलाच, ठरलेल्या भावात विकायचं. भाव होता कमी. नदीच्या पलीकडे टेक्सासमध्ये मात्र त्याच मेणाला जास्त पैसे मिळत, आणि अमेरिकेच्या बाजूला ते विकत घेणं गुन्हाही नव्हता. मग काय होणार? रात्री गाढवांवर गोण्या लादून लोक रिओ ग्रांदे नदी ओलांडू लागले. लक्षात घ्या, ही अफूची किंवा हत्यारांची तस्करी नव्हती. स्वतः उपटलेल्या, स्वतः उकळलेल्या मेणाला बरा भाव मिळावा म्हणून माणसं मेक्सिकोच्या पोलिसांना चुकवत अंधारात नदीत उतरत होती. ते मेण पुढे च्युइंगमममध्ये, बुटांच्या पॉलिशमध्ये आणि लिपस्टिकमध्ये जायचं.

आजही कॅन्डेलिला मुख्यतः रानातूनच येते आणि उत्तर मेक्सिकोतल्या अनेक वस्त्यांचं ते रोख पैशांचं साधन आहे. धोक्यातल्या वनस्पतींच्या व्यापारावर नजर ठेवणारा साइट्स नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ती येते, म्हणजे देशाबाहेर मेण पाठवायला परवाना लागतो. मात्र दुकानात विकायला तयार, पॅक केलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. म्हणजे ढेपळाची नोंद होते, तुमच्या डबीची होत नाही. अॅसिडच्या बाबतीत थोडी चांगली बातमी अशी की सल्फ्युरिकऐवजी लिंबात असतं ते सायट्रिक अॅसिड वापरायची पद्धतही आता आली आहे.

कार्नौबा: नागपूरच्या मेमध्येही न वितळणारं

तिसरं नाव कार्नौबा. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळतं, म्हणून थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना. कार्नौबा वितळायला ८० च्या वर तापमान लागतं. नागपूरच्या मे महिन्यात स्कूटीच्या डिकीत ठेवलेली लिपस्टिक जर काडीसारखी उभी राहिली, तर त्याचं श्रेय बऱ्याचदा अशा कडक मेणांना असतं. एका जुन्या गमतीचाही उल्लेख करतो, कारण आपण पॉडकास्टवाले: ग्रामोफोनच्या सुरुवातीच्या काळात ज्या मेणाच्या नळकांड्यांवर आवाज साठवत, त्यांच्या काही मिश्रणांतही कार्नौबा असायचं.

कार्नौबा हे ताडासारखं झाड आहे, पंख्यासारखी पानं असलेलं. ते ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढतं: सिआरा, पिआउई, रिओ ग्रांदे दो नॉर्ते या राज्यांत. हा ब्राझीलचा दुष्काळी पट्टा. १८७७ ते १८७९ च्या दुष्काळात तिथे लाखो माणसं मेली. आपल्याकडेही त्याच वर्षांत, १८७६ ते १८७८, दख्खनचा भीषण दुष्काळ पडला होता. अशा भूमीत हे झाड घराला वासे, छपराला पानं, जनावराला चारा आणि विकायला मेण देतं. म्हणून लोक त्याला जीवनवृक्ष म्हणतात.

विसाव्या शतकात पॉलिशच्या धंद्याने हे मेण जगभर नेलं. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्सन वॅक्स कंपनीचे प्रमुख हर्बर्ट जॉन्सन पाण्यावरही उतरू शकणारं छोटं विमान घेऊन विस्कॉन्सिनहून थेट ब्राझीलला गेले, ही झाडं बघायला. विमानाचं नावच होतं 'कार्नौबा'. १९९८ मध्ये त्यांच्या मुलाने तसंच विमान बनवून घेऊन तो प्रवास पुन्हा केला. ही गोष्ट खूप सांगितली जाते, आणि छान आहेच. पण त्या विमानातून खाली जी माणसं दिसली असतील, त्यांची गोष्ट कमी सांगितली जाते.

मेण मिळतं ते कोवळ्या पानांवरून. पावसाळा संपला की कोरड्या महिन्यांत मजूर लांबलचक काठीला कोयता बांधून उंचावरची पानं कापतात. देठांना काटे असतात. पानं खाली पडतात, ती गोळा करायची, उन्हात वाळवायची, मग झोडपून किंवा यंत्रात घालून त्यांच्यावरची पावडर सुटी करायची. तीच पावडर वितळवली की मेण. झाड मरत नाही, मधला कोंब ठेवला की पुन्हा पानं येतात. झाडाच्या दृष्टीने हा सौदा फारसा वाईट नाही.

माणसाच्या दृष्टीने? मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाला ब्राझीलमध्ये 'गातो' म्हणतात, म्हणजे मांजर. तो लोकांना रानात नेतो, हंगामभर तिथेच ठेवतो. २०१७ मध्ये जर्मन टीव्हीवरच्या एका माहितीपटाने दाखवलं की कार्नौबाच्या बागांमध्ये मजूर उघड्यावर झोपतात, संडास नाही, पिण्याचं पाणी स्वच्छ नाही. युरोपात गोळ्या-चॉकलेटं खाणाऱ्यांना धक्का बसला, कारण त्या गोळ्यांची चकाकी याच मेणाची. पण ब्राझीलच्या सरकारला हे नवीन नव्हतं. तिथे १९९५ पासून कामगार निरीक्षकांची फिरती पथकं आहेत आणि 'गुलामीसदृश स्थितीत काम करून घेणं' हा कायद्याने गुन्हा आहे. कर्जात अडकवणं, माणसाला न शोभणाऱ्या अवस्थेत ठेवणं, हेही त्यात येतं. या पथकांनी कार्नौबाच्या बागांमधून वेळोवेळी मजुरांची सुटका केली आहे.

आता यातली एक तारीख मला सोडत नाही. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली १८८८ मध्ये. पण सिआरा प्रांताने ती चार वर्षं आधी, १८८४ मध्येच, देशात सर्वांत पहिल्यांदा संपवली होती. ज्या भूमीने सगळ्यांत आधी गुलामांना मुक्त केलं, त्याच पट्ट्यात सव्वाशेहून अधिक वर्षांनी सरकारी माणसं जाऊन मजुरांना सोडवत होती. आणि त्यांनी झोडपलेली पावडर माझ्यासारख्या कुणाच्या तरी लिप बाममध्ये, हिरव्या पानाच्या चित्रामागे, आली असेल.

मुकादम हा शब्द ओळखीचा वाटला?

मी मुद्दामच तो शब्द वापरला. बीड, अहिल्यानगर, धाराशिव भागातून ऐकणाऱ्यांना ही रचना समजावून सांगायची गरज नाही. दुष्काळी गाव, दसऱ्यानंतर गाव सोडणं, आधी घेतलेली उचल, मुकादम, फडाजवळची खोपी, आणि हंगाम संपला तरी न फिटलेला हिशेब. दोन्हीकडचे कायदे वेगळे, पीक वेगळं. तरी सिआरातला माणूस आणि आपला ऊसतोड कामगार समोरासमोर बसले तर त्यांना दुभाष्या फार वेळ लागणार नाही असं मला वाटतं.

आणि गंमत बघा, उसावरही मेण असतं, हे आपण सुरुवातीलाच पाहिलं. रस काढून तो स्वच्छ करताना साखर कारखान्यात जो गाळ उरतो, ज्याला प्रेसमड म्हणतात आणि बहुतेक वेळा खतासाठी देतात, त्यात हे मेण उतरतं. त्यातून ते वेगळं काढता येतं आणि सौंदर्यप्रसाधनांत वापरताही येतं. भाताच्या कोंड्याचंही तसंच. कोंड्यापासून खाद्यतेल काढतात, ते तेल थंडीत गढूळ होऊ नये म्हणून त्यातलं मेण बाजूला करतात. हेच लेबलवरचं 'राईस ब्रॅन वॅक्स'. यासाठी एकही झुडूप उपटावं लागत नाही, पीक आधीच काढलेलं असतं. ऐकायला एकदम छान.

पण थांबा. एव्हाना मी एक गोष्ट शिकलो होतो. उसाचं मेण लेबलवर आलं तर तिथेही हिरवं पानच छापलं जाईल. तो ऊस कुणी तोडला, हे त्यावर नसेल.

मग करायचं काय?

'प्लांट-बेस्ड' हा शब्द खोटा नाही. तो एवढंच सांगतो की हे मेण कुणापासून आलेलं नाही: देवमाशापासून नाही, मधमाशीपासून नाही. देवमाशाच्या बाबतीत ते सांगणं महत्त्वाचं होतं आणि आहे. पण मेण कुणी काढलं, याचं उत्तर तो शब्द देत नाही, आणि आपण मात्र ते उत्तर मिळाल्यासारखं समाधान मानतो. निदान मी मानलं होतं.

डबी फेकून देऊ नका, एवढी विनंती. तुम्ही-मी कॅन्डेलिला वापरणं सोडलं म्हणून चिवावाच्या वाळवंटातल्या माणसाला दुसरं काम मिळणार नाही, उलट हातातलं जाईल. बदल झाला तो विचारल्यामुळे. तो माहितीपट आल्यावर कंपन्यांना आपलं मेण नेमकं कुठल्या बागेतून येतं, हे शोधायला लागावं लागलं. त्याआधीही मजूर तिथेच होते, फक्त कुणी विचारत नव्हतं.

तर मी एक केलं. माझ्या लिप बामच्या कंपनीला ईमेल लिहिला. दोनच प्रश्न विचारले: तुमचं कॅन्डेलिला कुठून येतं, आणि ते काढणाऱ्याला काय मिळतं? पहिल्यांदा उत्तर आलं की 'आमची सर्व उत्पादनं निसर्गाच्या प्रेमातून तयार होतात'. मी पुन्हा लिहिलं की प्रेमाबद्दल शंका नाही, पत्ता हवाय. तीन आठवड्यांनी एका माणसाने, कॉपी-पेस्ट नसलेलं, सरळ उत्तर पाठवलं: 'आम्ही मेण व्यापाऱ्याकडून घेतो. त्याच्या मागे कोण आहे हे आम्ही आजवर विचारलं नव्हतं. विचारतो.'

पुढे काय झालं ते कळलं की सांगेनच. तोवर तुम्हीही डबी उलटी करून बघा, आणि तुमच्या यादीत कुठलं मेण सापडलं ते मला कळवा. आणि हो, घरात आजीची फणेरपेटी अजून असेल तर तिचा फोटो नक्की पाठवा. माझ्या आजीच्या पेटीतल्या डबीच्या तळाशी अजून थोडं मेण शिल्लक आहे. वास्तविक इतक्या वर्षांत ते वाळून जायला हवं होतं, पण बोट लावलं तर आजही चिकटतं.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!